इन्सुलिन घरी नेल्यावर
आमच्या औषध दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इन्सुलिन हे एकूण ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांनी बनलेले नाजूक प्रथिन आहे. तव्यावर पडलेले अंड्याचे पांढरे जसे पुन्हा पातळ होत नाही, तसे उष्णतेने किंवा गोठण्याने एकदा बिघडलेले इन्सुलिन पुन्हा कामाचे होत नाही, आणि अडचण अशी की बाटलीकडे नुसते पाहून हा बिघाड बहुधा कळतही नाही. रक्तातली साखर अचानक वाढू लागली की ग्राहक आपल्या जेवणाला दोष देतात. आमच्या अनुभवात अनेकदा दोष ठेवण्याच्या जागेत सापडतो.

न उघडलेली बाटली, पेन (इन्सुलिन टोचण्याचे पेनसारखे साधन) किंवा कार्ट्रिज (पेनमध्ये बसणारी औषधाची नळी) फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सियसला, मधल्या कप्प्यात, मूळ खोक्यासह ठेवावे. दारातल्या कप्प्यात तापमान सारखे वरखाली होते आणि बर्फाच्या कप्प्याला खेटून ठेवलेली बाटली गोठू शकते. वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या आत, सावलीत, फ्रिजबाहेर ठेवली तरी चालते आणि बहुतेक प्रकारांत ती २८ दिवस वापरता येते. काही प्रकारांत ही मुदत वेगळी असते, म्हणून खोक्यातला कागद वाचावा आणि बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहून ठेवावी.

माठाबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. देशावरचे नातेवाईक ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्याचा उपाय सांगतात आणि तो तिकडे खराच उपयोगी पडतो, कारण मडक्याचा गारवा पाणी उडून जाण्यावर अवलंबून असतो आणि तिकडची उन्हाळी हवा कोरडी असते. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यातही हवा दमट असते. आषाढात जिथे कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथे मडके काय गार होणार! उन्हाळ्यात घराच्या सावलीच्या बाजूला, वारा लागेल असे मडके ठेवले तर थोडा फरक पडतो, तेव्हा फ्रिज नसलेल्या घरी वापरातली बाटली घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून त्यात ठेवण्यास हरकत नाही. महिन्याभराचा साठा मात्र मडक्याच्या भरवशावर ठेवू नये. तो फ्रिज असलेल्या शेजाऱ्याकडे ठेवावा किंवा आमच्याकडून एकेक बाटली न्यावी.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती, आणि त्या काळात अनेकांनी चांगले इन्सुलिन घाबरून फेकून दिले. तसे करण्याची गरज नसते. फ्रिज बंद पडला तर दार वारंवार उघडू नये. आतला गारवा काही तास टिकतो. त्यानंतरही बाटली ३० अंशांच्या आत राहिली असेल, तर ती त्या दिवसापासून वापरात आल्याचे समजून तारीख लिहावी आणि मुदतीत संपवावी. वीज परत आल्यावर भरपाई म्हणून फ्रिज जोरात लावू नये, कारण त्यातच बाटल्या गोठतात.

गोठण्याचा धोका समुद्रावर जाणाऱ्यांना सर्वाधिक असतो. आमचे एक ग्राहक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख आहेत. चार दिवसांच्या फेरीला जाताना त्यांनी बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मासळीच्या बर्फात पुरून ठेवली होती. परत आल्यावर ती दिसायला अगदी स्वच्छ होती, पण गोठून पुन्हा वितळलेली असल्यामुळे टाकून द्यावी लागली. बोटीवर नेताना बाटली टॉवेलात गुंडाळून जाड डब्यात ठेवावी आणि तो डबा बर्फाला लागू देऊ नये. गणपतीला मुंबईहून गाडीने येणाऱ्या चाकरमान्यांनी ती डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नये. उभ्या गाडीत ऊन फार चढते.

मात्रेतली सर्वांत मोठी चूक सिरिंजची असते. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट (इन्सुलिनची मात्रा मोजण्याचे माप) असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपीची सिरिंज असते. १०० युनिटच्या बाटलीसाठी नारिंगी टोपीची. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले तर शरीरात ८ युनिटच जातील, आणि १०० च्या बाटलीतून लाल सिरिंजने तसेच ओढले तर ५० युनिट जातील, जे जिवावर बेतू शकते. दुसऱ्या गावात सिरिंज घेताना रिकामी बाटली सोबत न्यावी. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध कधीही ओढू नये.

ढगाळ दिसणारे इन्सुलिन दोन तळव्यांमध्ये दहा वेळा हळुवार फिरवावे, खुळखुळवू नये. मुळात पारदर्शक असलेले गढूळ झाले, किंवा ढगाळ प्रकारात फिरवूनही गुठळ्या राहिल्या, तर ते वापरू नये. टोचताना बेंबीपासून दोन इंच सोडून पोट, किंवा मांडीचा बाहेरचा भाग निवडावा आणि प्रत्येक वेळी मागच्या जागेपासून बोटभर सरकावे. एकाच ठिकाणी टोचत राहिल्यास तिथे मऊ गाठ येते. ती दुखत नाही म्हणून बऱ्याच जणांना तीच जागा आवडते, पण तिथून औषध नीट शोषले जात नाही. पेनची ४ मिलिमीटरची सुई सरळ टोचावी, आधी २ युनिट हवेत सोडून पाहावे आणि बटण दाबल्यावर सुई दहापर्यंत मोजून बाहेर काढावी.

घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्यावे. एकादशी असो वा रोजा, मात्रा स्वतःच्या मनाने न बदलता डॉक्टरांना आधी विचारावे.

काही तरुण ग्राहक ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेल्या पेप्टाइड पावडरीच्या बाटल्या ऑनलाइन मागवतात आणि त्यात किती पाणी घालायचे ते आम्हाला विचारतात. तेही इन्सुलिनसारखेच प्रथिनाच्या जातीचे पदार्थ असले, तरी बाटलीत नेमके काय आणि किती आहे, ती निर्जंतुक आहे की नाही, याची हमी कोणीही देत नाही. त्यांची मात्रा आम्ही सांगत नाही आणि त्यासाठी सिरिंजही देत नाही.

वापरलेली सुई पुन्हा वापरू नये, पेनला लावून ठेवू नये आणि परसात किंवा किनाऱ्यावर तर मुळीच टाकू नये, कारण वाळूत जाळी विणत बसलेली माणसे अनवाणी असतात. जाड प्लास्टिकच्या डब्यात सुया साठवाव्यात आणि डबा पाऊण भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून आमच्याकडे आणून द्यावा.