पपईचा खिळा आणि द्राक्षाचा पराग

मागच्या महिन्यात तासगावजवळ बहिणीकडं गेलो होतो तर परसातल्या पपईला चांगला वीतभर खिळा ठोकलेला. झाड नर निघालं म्हणून. खिळा ठोकला की नराची मादी होते, असा मेसेज दाजींना कुणीतरी पाठवला होता. आता पपईचा नर कधीकधी हवा बदलली की आपणहूनच लांब देठाला चार-दोन फळं धरतो आणि क्रेडिट खिळा घेऊन जातो, एवढंच. नर का मादी हे बी तयार होतानाच क्रोमोसोमवर ठरलेलं असतं, लोखंडाचा काय संबंध?

दाजी म्हणाले, "पपईचं राहू दे, आपल्या द्राक्षात नाही बघ असली भानगड." आणि इथं मला राहवलं नाही, कारण द्राक्षातसुद्धा ही भानगड होती.

शाळेत जास्वंदीचं फूल फाडून पुंकेसर-स्त्रीकेसर दाखवतात, ते दोन्ही एकाच फुलात. बहुतेक फुलझाडं तशीच. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं असणाऱ्या जाती फक्त ६ टक्क्यांच्या आसपास, करटोली, तोंडली, खजूर वगैरे. युरोपातल्या आणि पश्चिम आशियातल्या जंगली द्राक्षवेली आजही अशाच आहेत.

ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली की एक घड भिंगाखाली धरा. फुलाची हिरवी टोपी गळून पडते, आत पाच पुंकेसर आणि मधे बाटलीसारखं इवलं अंडाशय. गंमत म्हणजे जंगली मादी वेलीच्या फुलातही पुंकेसर असतात, पराग पण असतो! फक्त तो उगवत नाही. परागकणाचं कवच टणक असतं आणि द्राक्षात त्याला तीन खाचा असतात, त्यातल्या एकीतून परागनळी बाहेर पडते. मादीच्या परागाला खाचाच नाहीत, म्हणजे घर बांधलं पण दार ठेवायचं राहिलं. आयएनपी१ नावाचा जीन परागाला खाचा पाडायचं काम करतो, आणि २०२० मध्ये द्राक्षांचे जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, ताडून बघणाऱ्यांना दिसलं की मादी वेलींत या जीनच्या दोन्ही कॉप्यांत (एक आईकडची, एक बापाकडची) डीएनएची ८ अक्षरं गायब आहेत.

नराची गोष्ट उलटी. त्याचा आयएनपी१ धड आहे पण शेजारी दुसरा एक बदल बसलाय जो अंडाशय वाढूच देत नाही, आणि तो एकाच कॉपीत असला तरी पुरतो. डेबोरा आणि ब्रायन चार्ल्सवर्थ या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कागदावर मांडलं होतं ते हेच, की आधी एक बदल पराग मारतो, मग दुसरा अंडाशय मारतो, आणि दोन्ही जागा क्रोमोसोमवर इतक्या चिकटून असाव्या लागतात की क्रोमोसोमच्या जोड्या आपापसात तुकडे बदलतात त्या अदलाबदलीत त्यांची जोडी फुटू नये. फुटली तर? एका तुकड्यावर दोन्ही बिघाड, म्हणजे ना नर ना मादी, आणि दुसऱ्यावर दोन्ही गोष्टी धड. (इथं डोकं गरगरलं तर पत्त्याची दोन पानं मधे फाडून अर्धी अर्धी बदलून जोडून बघा, मला तसंच कळलं.)

द्राक्षात ही जोडी फुटली. नराकडचा चालू आयएनपी१ आणि मादीकडचा अंडाशय न अडवणारा भाग एका क्रोमोसोमवर आले, आणि स्वतःच्याच परागावर फळ धरणारी वेल तयार झाली. जंगलात अशा वेलीला भाव नसतो, कारण स्वतःशीच लग्न लावून पुढची पिढी कमजोर होते, बहुधा त्यासाठीच तर नर-मादी वेगळे झाले. पण सुमारे ११,००० वर्षांपूर्वी द्राक्ष लावायला लागलेल्या माणसाला पिढीची काळजी नव्हती, तो बी नाही, काडी लावत होता! नराची वेल नुसती जागा अडवते, मादीला शेजारी नर लागतो, ही एकटी घड देते, मग काडी हिचीच. आपली थॉमसन सीडलेस त्याच वंशातली. बी नसलं तरी पराग तिलाही लागतो, फलन झाल्यावर बी कोवळेपणीच जिरतं.

दाजी सगळं ऐकून म्हणाले, "मग डॉगरिजचं काय?" प्रश्न नेमका होता. डॉगरिज म्हणजे आपल्या द्राक्षकलमाचा खुंट. ज्या अमेरिकन रानवेलीच्या खुंटावर आपण कलम बांधतो त्या रानवेलींत नर-मादी अजून वेगळेच आहेत. आपण खुंट मुळांसाठी घेतो, त्याचं फूल बघतंय कोण. दाजींच्या बांधाला कलम न धरलेला एक खुंट आहे, यंदा तो छाटायचा नाही असं ठरलंय. भिंग मी नेणार.

पपईचा खिळा अजून तसाच आहे, काढला तर झाड वाळेल असं आता बहीण म्हणतेय.