घर पहिल्यांदा भाड्याने देताय? आधी करार नोंदवा

"अकरा महिन्यांचाच तर करार आहे, नोटरी केली की झालं." पहिल्यांदा घर भाड्याने देणाऱ्याला हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. मलाही एका एजंटनं हेच सांगितलं होतं आणि मी स्टॅम्पपेपरवर सही करून निर्धास्त झालो होतो. महाराष्ट्रात हे चालत नाही, हे नंतर कळलं.

अकरा महिन्यांचं हे खूळ आलं १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्यात नोंदणीची सक्ती नाही. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं कलम ५५ सांगतं की करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी अडचण पुढे आहे: वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, आणि ते खोटं ठरवण्याचा भार तुमच्यावर येतो.

राहण्यासाठी घर देताना सहसा 'लिव्ह अँड लायसन्स' करार करतात. यात भाडेकरूला फक्त वापराची परवानगी मिळते, घरात हक्क निर्माण होत नाही. मुदत संपूनही तो हलला नाही तर याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई. यासाठीच करार नीट करायचा.

करार करून घर कोण देऊ शकतं? ज्याच्या नावावर घर आहे तो. घर पती-पत्नीच्या किंवा भावंडांच्या नावावर असेल तर सगळे सहमालक करारात हवेत. मालक परगावी किंवा परदेशी असेल तर कुलमुखत्यारपत्र असलेली व्यक्ती सही करू शकते, मात्र त्या पत्रात भाडेकरार करण्याचा आणि नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असू द्या.

कागदपत्रं फार नाहीत. दोघांचं आधार आणि पॅन, मालकीसाठी इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) किंवा खरेदीखत, पत्ता जुळवायला वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती. क्षेत्रफळ टाकताना चौरस फूट आणि चौरस मीटर यांची गल्लत करू नका.

नोंदणी घरबसल्या होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-रजिस्ट्रेशनमध्ये जिल्हा निवडायचा, मिळकत, दोन्ही पक्ष, भाडं, डिपॉझिट आणि अटी भरायच्या, शुल्क ऑनलाइन भरायचं. मग मसुदा शांतपणे वाचायचा. त्यानंतर वेबकॅमसमोर फोटो आणि आधारशी जुळणारा अंगठ्याचा ठसा. ठशाचं यंत्र घरी नसतं, म्हणून बहुतेक लोक विभागाने नेमलेल्या अधिकृत सेवा पुरवठादाराला घरी बोलावतात. त्याचा मेहनताना सरकारी शुल्कापेक्षा वेगळा, तो आधीच विचारा. वयस्कर मालकांचे ठसे झिजलेले असतात आणि जुळत नाहीत. अशा वेळी सरळ दुय्यम निबंधक कार्यालय गाठावं. दुय्यम निबंधकाने मंजूर केलं की नोंदवलेली प्रत आणि इंडेक्स टू डाउनलोड करता येतात.

खर्च किती? मुदत साठ महिन्यांपर्यंत असेल तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते एकूण भाडं, परत न करायची रक्कम असल्यास ती आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज या बेरजेवर लागतं. समजा भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० आहे. अकरा महिन्यांचं भाडं २,२०,०००, व्याज ५,५००; बेरीज २,२५,५००. म्हणजे शुल्क ५६४ रुपयांच्या आसपास. छत्तीस महिन्यांसाठी हेच गणित १,८४५ रुपयांवर जातं. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. दर अकरा महिन्यांनी नवा करार केला की ही फी पुन्हा पुन्हा भरावी लागते, म्हणून भाडेकरू चांगला असेल तर मी तीन वर्षांचाच करार करतो, दरवर्षीची भाडेवाढ आणि दोन्ही बाजूंची नोटिशीची मुदत त्यातच लिहून.

करार झाला की भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायला विसरू नका. पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत तसे आदेश असतात आणि ती ऑनलाइन देता येते. सोसायटीलाही कळवा. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल लागणारं ना-वापर शुल्क म्हणून ती सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त मागू शकत नाही. मागितलं तर १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश दाखवा.

भाडं उत्पन्नात दाखवावं लागतं. मात्र मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, त्यासाठी दुरुस्तीच्या पावत्या जपायची गरज नाही. भाडं महिन्याला ५०,००० पेक्षा जास्त असेल तर भाडेकरू २ टक्के टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच वजा होणारा कर, कापतो. मालक अनिवासी असेल तर हे नियम वेगळे आहेत. तेव्हा पहिलं भाडं घेण्याआधीच सीएला विचारा.