टाक, तसबीर, गोधडी : गेलेल्या माणसाची आठवण घरात कशी राहत आली

मराठी हिंदू घरात गेलेल्या माणसाची पहिली खूण म्हणजे एक दगड, आणि तो दहा दिवसांत सोडूनच द्यायचा असतो. स्मशानात खांद्यावरच्या मडक्याला ज्याने भोक पाडले तोच हा दगड. पोथीत अश्मा, बोलण्यात जीवखडा. दहा दिवस त्याच्यावर तिळाचे पाणी घालतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की तो पाण्यात जातो. अस्थी वेचायच्या, पण घरात आणायच्या नाहीत. विसर्जनापर्यंत झाडाला बांधून ठेवायच्या. अंथरूण, छत्री, वहाणा शय्यादानात द्यायच्या. बाराव्याला सपिंडीकरण झाले की माणूस पितरांत जाऊन बसतो आणि मगच त्याला घरात मानाची जागा मिळते.

आधी सोडायचे, मग ठेवायचे असा हा क्रम. आज घोळ होतो तो नेमका इथेच. सुतकाच्या गडबडीत कपाट रिकामे होते, कपड्यांची बोचकी बांधून वाटली जातात आणि वर्षश्राद्धाला कुणाला तरी आठवते की साधा चष्मासुद्धा मागे राहिला नाही. शय्यादानाच्या वस्तू बहुतेक घरांत नव्याच आणतात, तेव्हा तेरा दिवस वापरातले काहीही बाहेर काढले नाही तरी विधी अडत नाही. नेहमीचे दोन-चार कपडे, चष्मा, हिशेबाची वही, अडकित्ता हे एका पेटीत भरून बाजूला ठेवावे. निवड नंतर सावकाश करता येते.

दगडावर कोरलेली आठवण मिळायची ती मुख्यतः लढताना पडलेल्याला. त्या दगडाला वीरगळ म्हणतात, आणि हा शब्दच कन्नड ‘कल्लु’, म्हणजे दगड, यावरून आलेला. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताना, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि बाजूला चंद्रसूर्य. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई आहे. अभ्यासक ती १३व्या शतकातल्या शिलाहार-यादव संघर्षाशी जोडतात. शेतात राबणाऱ्याच्या वाट्याला असला दगड यायचा नाही. त्याची सोय देव्हाऱ्यात होती.

ती सोय म्हणजे टाक, आकृती उठवलेला चांदीचा लहानसा पत्रा. खंडोबा, भवानी, जोतिबा यांच्या टाकांशेजारी अनेक घरांत पूर्वजांचाही टाक असतो. लढाईत पडलेला, अकाली गेलेला, लग्न न होता गेलेला असा कुणी. त्याला ‘वीर’ म्हणतात. नाशिकला धुळवडीच्या दिवशी घरोघरचे हे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेऊन त्यांना आंघोळ घालतात. टाकावर चेहरा ओळखू येत नाही, यायचा नसतोच. टाकावरचा घोडेस्वार सोनाराच्या ठशातून निघतो, एका ठशातून गावातल्या चार घरांचे पूर्वज निघतात. कोण कुणाचा हे घरच्या बायकांच्या तोंडी असते. म्हणून टाकाच्या मागच्या बाजूला नाव आणि साल कोरून घ्यावे. ज्यांनी ते केले नाही त्यांच्या देव्हाऱ्यात आज अनोळखी पणजोबा बसलेले आहेत.

टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा. सोनार तो तापवून मऊ करतो, ठशावर ठेवून ठोकतो, कडा कापून मागे तांब्याचा पत्रा लावतो. बिघडतो तो दोन ठिकाणी. पहिले म्हणजे घासणे. चिंच आणि रांगोळीने रोज घासलेल्या टाकाचे आधी नाक जाते, मग डोळे. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती चांदी खरवडते. काळे पडणे हा गंज नव्हे. हवेतल्या गंधकाने आलेला तो पातळ थर आहे, सणावारी काढला तरी पुरे. रिठ्याचे पाणी आणि मऊ सुती फडके एवढ्यावर भागते. दुसरे म्हणजे मागचा जोड. चारही बाजूंनी झाळून नीट डाग दिलेला नसेल तर अभिषेकाचे पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरते आणि तांबे हिरवे पडते. फार झिजलेला टाक नवीन करून घेताना जुनी चांदी त्यातच घालायला सांगावी आणि वजन समोर करून घ्यावे.

फोटो मागाहून आला. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी. पण घरोघरी भिंत तयार केली ती देवांच्या छापील तसबिरींनी. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चौकट, काच, खिळा आणि हार ही सगळी रीत लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींची. गेलेल्या माणसाचा फोटो तिच्यात आयता जाऊन बसला. देव्हाऱ्यात मात्र त्याला घेतले नाही. दक्षिण ही यमाची, पितरांची दिशा, म्हणून तो दक्षिणेच्या भिंतीवर.

भिंत कुठलीही धरा, पण पावसाळ्यात ओल येणारी नको. काचेला थेट टेकलेला फोटो दमट हवेत काचेलाच चिकटतो, आणि ओढून काढला की चेहऱ्याचा थर काचेवर राहतो. चिकटलाच असेल तर ओढू नये, काचेसकट स्कॅन करावा. फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यात माउंटची, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीची, निदान ३ मिलिमीटर फट हवी. गंध काचेच्या मध्यावर बोटाने लावावे. कडेला लावलेले ओले गंध चौकटीतून आत उतरते. लग्नाच्या ग्रुप फोटोतला चेहरा मोठा करायचा तर फोटोचा फोटो मोबाइलवर काढून भागत नाही. २ बाय ३ इंचाचा मूळ फोटो १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केला तर २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात आणि ८ बाय १२ इंचाची प्रत नीट निघते.

भांड्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे टिंबाटिंबांनी नाव घालून वाटण्याची रीत सगळ्यांनाच ठाऊक आहे. एवढेच की नाव बाहेरून, काठाखाली घालावे. पितळेला बफ मारला की उथळ टिंबे पुसली जातात.

गावाकडे अलीकडे रक्षा नदीत न सोडता शेतात झाड लावून त्याच्या खड्ड्यात घालतात. अर्थ चांगला, पण रोप पुष्कळदा जळते. रक्षा फार खारट आणि क्षारयुक्त असते, मुळांशी ओतली की रोप जगत नाही. २ फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात दोन-तीन मुठीच, त्याही माती आणि शेणखतात नीट कालवून. बाकीची रक्षा रानात लांबवर पसरावी.

कपड्यांतून आठवण ठेवायची तर गोधडीसारखे दुसरे काही नाही, आणि ती सगळ्यांत जास्त वापरली जाते. नऊवारी लुगडे साधारण ८ मीटर. त्याचे सव्वादोन मीटरचे ३ तुकडे निघतात, आणि दोन लुगड्यांत एका माणसापुरती गोधडी होते. आधी लुगडे उजेडासमोर धरून बघावे. बसण्याच्या जागी ते जाळीसारखे विरलेले असते. तो भाग आत, काठ-पदर वर. लुगडे नेसणाऱ्या बाईने स्वतः केलेले रफू किंवा लावलेले ठिगळ सापडले तर ते कापून काढू नये, उशाकडच्या बाजूला वर येईल असे बसवावे. लुगडी दुकानात हजार सापडतील, हे टाके तिच्याच हातचे. सगळे थर जमिनीवर पसरून, कोपऱ्यांवर वजन ठेवून, मधून बाहेर असे कच्चे टाके घालावेत म्हणजे चुण्या निघून जातात. मग बोटभर अंतराने धावदोरा. दोरा सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा विरलेल्या सुताला सुरीसारखा कापतो. सुतीत नायलॉनची साडी मिसळू नये, पहिल्या धुण्यात सूत आटते आणि गोधडी गोळा होते. त्यासाठी कापड शिवण्याआधी गरम पाण्यातून काढतात.

आणि तिथेच बहुतेकांचा हात अडतो, कारण त्या पाण्यात वासही जातो. ज्यांना वास हवा त्यांनी पदराचा वीतभर तुकडा न धुता ठेवावा. पेटीत ठेवला तर घामाच्या डागांवर कसर लागते, डांबरगोळी घातली तर तिचाच वास उरतो. कोरड्या दिवशी, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तो एकटाच घालावा. बरणी दर वेळी उघडली की वास थोडा थोडा कमी होत जातो.