आइसलँडमधील ज्वालामुखी व त्यांचे प्राचीन उद्रेक

उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड हे बेट जवळजवळ सगळेच ज्वालामुखींनी घडवलेले आहे. उत्तर अमेरिकन व यूरेशियन हे भूपट्ट येथे वर्षाला सुमारे २ सेंमी. या गतीने एकमेकांपासून दूर सरकतात, शिवाय बेटाखाली खोलवरून तप्त द्रव्याचा झोत वर येत असतो. इतरत्र समुद्रतळाशी असलेली दोन भूपट्टांमधली ही भेग येथे पायी हिंडून पाहता येते. सुमारे ३० ज्वालामुखी प्रणाली जागृत मानल्या जातात आणि सरासरी चार-पाच वर्षांनी कुठे ना कुठे उद्रेक होतो. पृष्ठभागावरील सर्वांत जुने खडक सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांचे आहेत. भूविज्ञानाच्या हिशेबात बेट कोवळेच.

हिमयुगात बेटावर बर्फाचा जाड थर होता. त्याखाली झालेल्या उद्रेकांतून हेर्दुब्रेद यासारखे सपाट माथ्याचे, उभ्या कड्यांचे डोंगर तयार झाले. बर्फ वितळल्यावर जमिनीवरचा भार हलका झाला, खाली शिलारस अधिक प्रमाणात तयार होऊ लागला आणि उद्रेक कित्येक पटींनी वाढले. सुमारे ८,६०० वर्षांपूर्वीचा थ्योर्साउर लाव्हा याच काळातला. बेटाच्या अंतर्भागातून निघून तो सव्वाशे किमी.हून अधिक अंतर वाहत दक्षिण किनाऱ्यापर्यंत गेला. एकाच उद्रेकातून आलेल्या गेल्या दहा हजार वर्षांतील सर्वांत मोठ्या लाव्हाप्रवाहांत त्याची गणना होते.

मनुष्यवस्ती जेमतेम अकराशे वर्षांची, त्यामुळे त्याआधीच्या उद्रेकांची नोंद मिळते ती मातीत. प्रत्येक उद्रेकाची राख रंगाने व रासायनिक घडणीने वेगळी असते आणि एकदा तिचे वय ठरले की ती सापडेल तिथे कालमापनाला उपयोगी पडते. या शास्त्राचा पाया आइसलँडचे भूवैज्ञानिक सिगुरदुर थोरारिन्सन यांनी घातला. हेक्ला या ज्वालामुखीच्या सुमारे ४,२०० आणि ३,००० वर्षांपूर्वीच्या मोठ्या उद्रेकांची राख बेटावर फिकट पट्ट्यांच्या रूपात दिसते, शिवाय परदेशांतील दलदलींतही सापडते. कात्ला या दुसऱ्या ज्वालामुखीची सुमारे १२,१०० वर्षांपूर्वीची राख नॉर्वेतील सरोवरांच्या गाळात आहे.

यातला सर्वांत उपयोगी थर मात्र तसा किरकोळ जाडीचा आहे: खाली फिकट, वर काळपट हिरवा, असा दुरंगी. ग्रीनलंडच्या बर्फातील नमुन्यांवरून त्याचा काळ आधी इ.स. ८७१ व पुढे ८७७ च्या सुमाराचा ठरला. नॉर्स (स्कँडिनेव्हियातील) लोकांची वस्ती परंपरेने ८७४ पासून धरतात, त्यामुळे मातीत हा थर दिसला की वस्तीपूर्व आणि वस्तीनंतरचा काळ वेगळा करता येतो. राजधानी रेक्याविकमध्ये २००१ साली गवताळ मातीच्या ढेपांची एक भिंत या थराखाली सापडली. म्हणजे परंपरेतल्या सालाच्या थोडे आधीच तिथे कुणीतरी बांधकाम केले होते.

थराचे वय ठरवणे दरवेळी सोपे नसते. १९३९ मध्ये थ्योर्साउर नदीच्या खोऱ्यातील स्तौंग हे राखेखाली दबलेले शेतघर उकरले, तेव्हा थोरारिन्सन यांनी ती राख १३०० ची मानली होती. नंतर त्यांनीच ती हेक्लाच्या ११०४ च्या उद्रेकाची ठरवली.

वस्तीनंतरचे दोन सर्वांत मोठे उद्रेक शंकूच्या आकाराच्या पर्वतांतून नव्हे, लांबलचक भेगांतून झाले. एल्डग्याउ भेग ९३९ मध्ये फुटली आणि सुमारे २० घन किमी. लाव्हा बाहेर पडला. लाकी येथे ८ जून १७८३ पासून आठ महिने सुमारे २७ किमी. लांबीच्या भेगेतून सुमारे १५ घन किमी. लाव्हा आला, पण माणसे मेली ती वायूंमुळे. फ्लोरीनने कुरणे विषारी झाली, जनावरे दगावली आणि त्यानंतरच्या दुष्काळात व रोगराईत देशाची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. गंधकयुक्त धुके यूरोपभर पसरले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी महाराष्ट्राचा काळा पाषाण घडवणारे दख्खनचे उद्रेकही भेगांतूनच झाले होते. त्यांतून किती वायू सुटला असेल याचे अंदाज बांधताना अभ्यासक लाकीचा आधार घेतात, अर्थात दख्खनचे आकारमान कितीतरी अवाढव्य.

नैर्ऋत्येकडील रेक्यानेस द्वीपकल्पावर दहाव्या शतकापासून सुमारे १२४० पर्यंत उद्रेकांचे एक सत्र चालले. मग आठ शतके शांतता होती. मार्च २०२१ मध्ये फाग्रादाल्सफ्यात्ल येथे पुन्हा लाव्हा वाहू लागला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंदाविक हे गाव रिकामे करावे लागले.