घरची लिथियम बॅटरी: आम्ही कशी बांधतो, तुम्ही काय बघून घ्यायचं

नमस्कार मंडळी. दुकानात आल्या आल्या पहिला प्रश्न असतो, "१०० एएचची लिथियम केवढ्याला?" (एएच म्हणजे ॲम्पिअर-अवर, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) आणि आम्ही उलट विचारतो की लाईट गेल्यावर घरात काय काय चालू ठेवायचंय, तेव्हा काही जणांना वाटतं आम्ही भाव सांगायचं टाळतोय. तसं अजिबात नाही. सेल आज कोणीही मागवू शकतो, पण ते शेजारी शेजारी ठेवून पट्ट्या मारल्या म्हणजे बॅटरी झाली असं होत नाही, ते कसे जोडले, कसे सारखे केले, कुठे ठेवले यावरच ती दहा वर्षं चालणार का दोन पावसाळ्यात बसणार ते ठरतं.

आधी हिशोब. समजा ३ साधे पंखे, प्रत्येकी ७५ वॅट म्हणजे २२५, चार एलईडी १० वॅटचे म्हणजे ४०, टीव्ही ६० आणि वायफायचा राउटर १०, सगळं मिळून ३३५ वॅट. पाच तास चालवायचं तर १६७५ वॅट-अवर, त्यात इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून २००० धरा. आता ३.२ व्होल्टचे ८ सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक लावले की २५.६ व्होल्ट, १०० एएचचे असतील तर २५६० वॅट-अवर, त्यातलं ८० टक्के वापरायचं, बरोबर बसलं. पण हेच तीन पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले, प्रत्येकी ३० वॅटचे, तर लोड २०० वर येतो आणि तीच बॅटरी आठ-नऊ तास जाते. म्हणून आम्ही बऱ्याच घरांना सांगतो की मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, आमची विक्री कमी होते पण तुमचे पैसे योग्य जागी लागतात. विहिरीचा पंप मात्र यावर लावायचा नाही, सुरू होताना तो चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढतो, त्यासाठी सगळी सिस्टीमच वेगळी करावी लागते.

ट्युब्युलरशी, म्हणजे इन्व्हर्टरच्या नेहमीच्या ॲसिड-पाण्याच्या बॅटरीशी तुलना करताना एक लक्षात घ्या, तिच्यावरचं १५० एएच हे सी-२० चं असतं, म्हणजे २० तासांत हळूहळू, साडेसात ॲम्पिअरने ओढलं तर. ३० ॲम्पिअरने ओढलं की तेवढं मिळत नाही, आणि अर्ध्याच्या खाली रोज उतरवली तर ती लवकर मरते. लिथियममध्ये छापलेलं एएच बऱ्यापैकी खरं हातात येतं.

आम्ही फक्त एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल वापरतो. मोबाईल-लॅपटॉपमधली लिथियम वेगळी, त्यात तेवढ्याच वजनात जास्त वीज मावते पण तापली तर लवकर हाताबाहेर जाते. एलएफपी जास्त उष्णता सोसते. ती पेटतच नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तिच्यातूनही पेट घेणारा वायू निघू शकतो, म्हणून फ्यूज आणि बीएमएसला (प्रत्येक सेलवर नजर ठेवून गरज पडली की बॅटरीचा करंट तोडणारं सर्किट) सुट्टी नाही. जुन्या लॅपटॉपचे १८६५० नावाचे गोल सेल काढून घरी पॉवरवॉल, म्हणजे भिंतीवरची मोठी बॅटरी करायची हौस बऱ्याच मुलांना असते, शिकायला ठीक आहे पण ज्या घरात माणसं झोपतात तिथे लावू नका, प्रत्येक सेलचं वय वेगळं आणि तो कसा वापरला गेलाय ते कोणालाच माहीत नसतं.

बॅटरीला तीन-चार दिवस का लागतात

सेल येतात तेव्हा थोडे भरलेले असतात, आणि सगळे सारखे भरलेले नसतात. सिरीजमध्ये जो सेल आधी भरतो तो सगळ्यांचं चार्जिंग थांबवतो आणि जो आधी रिकामा होतो तो सगळ्यांना थांबवतो, एक बैल बसला की गाडी तिथेच. म्हणून आम्ही आधी सिरीजमध्ये बीएमएस लावून भरतो, मग सगळे सेल सुटे करून पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असे जोडतो आणि ३.६५ व्होल्टवर ठेवतो, करंट अगदी कमी होईपर्यंत. हे घाईने होत नाही. आणि "बीएमएस बॅलन्स करतोच की" असं म्हणून हे टाळताही येत नाही, कारण साध्या बीएमएसचा बॅलन्सिंग करंट बऱ्याचदा १०० मिलिॲम्पिअरच्या आसपास असतो, दोन सेलमध्ये १० एएचचा फरक असेल तर तो भरून काढायला १०० तास लागतील.

आणखी एक, एलएफपीचा व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे मल्टीमीटर लावून "किती टक्के राहिली" ते कळत नाही. त्यासाठी आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा शंट किंवा चांगला बीएमएस लागतो.

कोकणात खरा शत्रू म्हणजे जोड

सेलचे टर्मिनल ॲल्युमिनियमचे, बसबार (सेल जोडणारी पट्टी) तांब्याचा, आणि आपल्याकडची खारी दमट हवा, या तिघांची गाठ पडली की गंज धरतो. म्हणून आम्ही निकेल चढवलेले बसबार वापरतो, टर्मिनल बारीक पॉलिश पेपरने घासून लगेच पातळ ग्रीस लावतो आणि नट टॉर्क पान्यानेच आवळतो. सुरुवातीच्या काळात आमच्याच हातून एका पॅकचा एक नट सैल राहिला होता, त्या घरातल्या काकूंना वास आला म्हणून त्यांनी सगळं बंद केलं, उघडून बघितलं तर त्या नटाखालचं प्लास्टिक काळं पडलेलं. तेव्हापासून आवळलेल्या प्रत्येक नटावर मार्करची रेघ असते, रेघ हलली की नट हलला हे तुम्हालाही दिसतं. हिशोब बघा, ८० ॲम्पिअर जाताना जोडावर फक्त ५ मिलिओहम अडथळा आला तरी ३२ वॅट उष्णता त्या एका नटाखाली, २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त. दर पावसाळ्यानंतर एकदा आम्ही येऊन जोड तपासतो, कृपया ते टाळू नका.

मोठा लोड असेल तर याच कारणासाठी ४८ व्होल्टचं, म्हणजे १६ सेलचं सुचवतो, तेवढ्याच वॅटला करंट निम्मा आणि त्याच वायरमधली उष्णता पाव.

फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच हवा, आणि डीसीचाच. घरातला साधा एसी एमसीबी इथे चालत नाही, एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती विझत नाही. शॉर्ट झाला तर हे सेल हजारो ॲम्पिअर देऊ शकतात. सेल ॲल्युमिनियमच्या डब्यातला असला तर तो डबाही विजेपासून पूर्ण वेगळा नसतो, म्हणून दोन सेलमध्ये इन्सुलेशनची शीट घालतोच.

जुनाच इन्व्हर्टर ठेवायचा असेल तर त्याच्या लेबलचा फोटो पाठवा. ट्युब्युलर मोडमध्ये काही इन्व्हर्टर अधूनमधून व्होल्टेज मुद्दाम वर नेतात, आणि ८ सेलची कमाल मर्यादा २९.२ व्होल्ट आहे. आम्ही चार्जिंग साधारण २८ ला आणि फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचा व्होल्टेज) २७ ला सेट करतो. व्होल्टेज वर गेला तर बीएमएस करंट तोडेल की, असं नका म्हणू, तो शेवटचं दार आहे, रोज आपटायचं नाही.

छतावर सोलर आहे त्यांनी हे नक्की वाचा. ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर असेल तर महावितरणची लाईट गेली की तो इन्व्हर्टरही बंद होतो, भर उन्हात सुद्धा, कारण लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या घरातून शॉक बसू नये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडच्या कितीतरी गावांत दिवसच्या दिवस लाईट नव्हती, तसल्या वेळी बॅटरी पहिल्या रात्री संपते आणि पुढे तिला भरणारं सोलर लागतं, म्हणजे लाईट नसतानाही सोलरवर बॅटरी भरणारा हायब्रिड किंवा ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर हवा.

जागा थंड, सुकी, हवा खेळती. पत्र्याखालचा माळा नको, डेटाशीटवरचे ४०००-६००० सायकल (एकदा भरणं आणि रिकामं होणं म्हणजे एक सायकल) २५ डिग्रीचे असतात, आणि फक्त बॅकअपला वापरणाऱ्या घरात सायकल संपायच्या आधी उष्णतेनेच बॅटरी म्हातारी होते. तळमजल्यावर जमिनीवरही नको. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर चढलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्या रेघेच्या वर पक्कं स्टँड करा, २८० एएचच्या १६ सेलचं वजन ८५ किलोच्या आसपास भरतं. पुरात भिजलेली बॅटरी सुकवून पुन्हा चालू करायची नाही, फुगलेला सेल टोचायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही (२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसारही ती वेगळीच द्यायची असते), आम्हाला फोन करा, आम्ही येऊन नेतो.

दुकानात येताना लाईटबिल, इन्व्हर्टरच्या लेबलचा फोटो, आणि लाईट गेल्यावर काय काय चालायलाच हवं त्याची घरच्या सगळ्यांना विचारून केलेली यादी घेऊन या.