गालिबची हवेली : भाड्याच्या घरापासून अर्ध्यामुर्ध्या स्मारकापर्यंत

जुन्या दिल्लीत चांदणी चौकातून बल्लीमारानमध्ये शिरले की पुढे गली कासिम जान लागते. मिर्झा गालिबची अखेरची वर्षे याच गल्लीतल्या हवेलीत गेली. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी तो वारला.

जन्म आग्र्याचा (१७९७), सासुरवाड लोहारूच्या नवाबांच्या घराण्यातली. लग्नानंतर दिल्लीत आला तो कायमचा, पण पन्नासहून अधिक वर्षांत त्याने स्वतःचे घर कधी घेतले नाही. भाड्याच्या घरांचे हाल त्याच्या पत्रांत सापडतात : ढग दोन तास बरसला, तर छत चार तास बरसते. हे वाक्य विनोद म्हणून सांगितले जाते. बांधकामाच्या दृष्टीनेही ते चूक नाही. तुळयांवर माती-चुन्याचा जाड थर दिलेले धाबे आधी पाणी पिते आणि पाऊस थांबल्यावरही ते गाळत राहते.

त्याच्या मागे हवेलीत दुकाने आणि कारखाने आले. १९६९ च्या स्मृतिशताब्दीत निजामुद्दीनला, त्याच्या कबरीजवळ, गालिब अकादमी उभी राहिली. उद्घाटन राष्ट्रपती झाकिर हुसेन यांनी केले. घर मात्र होते तसेच राहिले. नव्या इमारतीला जागा आणि निधी मिळाला की भागते. जुन्या घरातून आधी चालता धंदा हलवावा लागतो, आणि तिथेच घोडे अडते.

अखेर विषय दिल्ली उच्च न्यायालयात गेला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरकारने हवेलीचा काही भाग ताब्यात घेऊन दुरुस्त केला. एकोणिसाव्या शतकातले रूप परत आणण्यासाठी लाखौरी विटा, वालुकाश्म आणि मोठा लाकडी दरवाजा वापरला. लाखौरी वीट चपटी, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची असते. त्यामुळे भिंतीत विटांइतकाच चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी) मसाला असतो आणि ओल त्यातूनच बाहेर पडते. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार विटेत साठतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. जुन्या वाड्यांच्या डागडुजीत हीच चूक सर्रास होते. गिलावा वरून धडधाकट दिसतो, आतली वीट मात्र भुगा होत असते.

आत हुक्का घेऊन बसलेला गालिबचा पुतळा आहे, भिंतींवर शेर आहेत. संगमरवरी अर्धपुतळा डिसेंबर २०१० मध्ये आला. तो गुलजार यांनी करवून घेतला असून शिल्पकार आपल्या सोलापूरचे भगवान रामपुरे.

स्मारक म्हणून दिसतो तो मूळ वास्तूचा तुकडाच. उरलेल्या भागात वापर वेगळा, मालकी वेगळी. अशा विभागलेल्या वास्तूत सामाईक भिंतीची एकच बाजू दुरुस्त करता येते. शेजारच्या बाजूने मुरणारे पाणी थांबवायला शेजाऱ्याचीच परवानगी लागते.