उन्हाळ्याच्या सुट्टीतली पुस्तकं : पाचवी ते आठवीच्या पालकांसाठी

१ मेला निकाल हातात पडला की आमच्या दुकानात दोन प्रकारचे पालक येतात. एक, पुढच्या वर्गाची पुस्तकं आली का विचारणारे. दुसरे, "सुट्टीत वाचायला काहीतरी चांगलं द्या" म्हणणारे. हे पत्रक दुसऱ्यांसाठी आहे, कारण सुट्टीत आम्ही पुस्तकं वाचून परत करायच्या बोलीवरही देतो. पहिल्यांनी जरा दम धरावा, माल यायला वेळ आहे.

"चांगलं" म्हणजे कोणाला चांगलं, हे आम्ही हल्ली विचारून घेतो. दोन वर्षांपूर्वी सातवीतलं एक लेकरू वडिलांसोबत आलं होतं. वडिलांनी थोरामोठ्यांची तीन चरित्रं काढली. पोराची नजर खालच्या फळीवरच्या सापांच्या पुस्तकावर. "ते काय वाचायचं, घरामागं रोज निघतात," म्हणत वडिलांनी ते आत सरकवलं. पंधरा दिवसांनी तिन्ही चरित्रं परत आली. पहिल्याच्या सहाव्या पानाचा कोपरा दुमडलेला, पुढची पानं कोरी करकरीत. या वेळी पोरगं एकटंच सायकलवर आलं होतं. सापांचं पुस्तक घेऊन गेलं, चौथ्या दिवशी परत आणलं आणि गल्ल्यावर कोपर टेकवून आमचीच परीक्षा घेतली : घोणस आणि मण्यार कशी ओळखायची? आम्हाला येईना. मग त्यानंच सांगितलं. घोणशीच्या अंगावर साखळीसारखे ठिपके असतात. मण्यार काळी, तिच्यावर पांढरे बारीक आडवे पट्टे, बहुतेकदा जोडीजोडीनं, आणि ती फिरते रात्री. त्या सुट्टीत त्यानं अकरा पुस्तकं नेली. शेवटी एक चरित्रही होतं, पण ते त्यानं स्वतःच्या हातानं उचललं होतं.

हा नुसता आमच्या गल्ल्यावरचा अनुभव नाही. अमेरिकेत रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रॅन्झेन या अभ्यासकांनी फ्लोरिडा राज्यात गरीब वस्त्यांमधल्या शाळांतल्या मुलांना लागोपाठ तीन उन्हाळे, दर उन्हाळ्यात १२ पुस्तकं दिली. पुस्तकं मुलांनीच निवडायची, हे ठरलेलं. पोरांनी पॉप गायकांवरची पुस्तकंही हौसेनं उचलली. तीन वर्षांनंतर ही मुलं वाचनात, पुस्तकं न मिळालेल्या मुलांच्या पुढं होती. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. ती मुलं आपल्या पाचवी-आठवीपेक्षा लहान होती, हे खरं. पण गोष्ट आपल्याकडेही तीच आहे. शाळा चालू असताना काही ना काही डोळ्यांखालून जातं. सुट्टी लागली की ज्या घरात पुस्तक नाही तिथं ते थांबतं, आणि जूनमध्ये गुरुजी पुन्हा मागच्या पानावरून सुरू करतात.

म्हणून पहिली विनंती : निवड लेकराला करू द्या. विनोद, भुताच्या गोष्टी, क्रिकेट, चित्रकथा, काहीही. शिष्यवृत्तीचं गाइड मात्र यात धरू नका. शिकवणीवर्गांचं लातूर इथून दीड तासावर आहे, त्यामुळे आठवीपासूनच फाउंडेशनची, म्हणजे डॉक्टर-इंजिनिअरच्या प्रवेश परीक्षांच्या आगाऊ तयारीची, हवा घराघरात शिरते. तो अभ्यास झाला. वाचन त्याहून वेगळं.

पुस्तक झेपेल का, हे पाहायची सोपी रीत आहे. मधलंच एखादं पान उघडून लेकराला मोठ्यानं वाचायला सांगा. शब्द अडला की एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या जड आहे. एक-दोन मिटली तर घ्या. एकही मिटलं नाही तरी घ्या. सोपं पुस्तक वाचणं म्हणजे वेळ वाया घालवणं नाही, वेग त्यातूनच येतो. इंग्रजी माध्यमातली बरीच मुलं जोडाक्षराला ठेचाळतात. त्यांना मोठ्या टायपाचं, तिसरी-चौथीचं पुस्तक द्यायला लाजू नका. आम्ही अशा पुस्तकांवरच्या इयत्तेच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आहेत.

दुसरी विनंती : फोन हिसकावून त्या जागी पुस्तक ठेवू नका. मग पुस्तक म्हणजे शिक्षा ठरते. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, बारा ते पाच लेकरं घरातच कोंडलेली असतात. या वेळात पुस्तक नुसतं बाजेवर पडलेलं असू द्या. लाइट गेली, फोनची बॅटरी उतरली, की हात आपोआप तिकडं जातो. वीस मिनिटं वाचलं तरी पुष्कळ. घरात आजी असेल तर आणखी बरं. रात्री माळवदावर अंथरूण पडलं की तिला चार पानं वाचून दाखवायची. आजी मध्येच "हे काय बरं म्हणालास?" विचारते, आणि पोरगं तेच वाक्य पुन्हा, नीट थांबत वाचतं. आमच्या मते कुठल्याही शिकवणीत याहून बरा सराव होत नाही.

सारांश, बोध, आवडलेलं पात्र हे लिहून घेण्याच्या भानगडीत पडू नका. ही चूक आम्हीच करून बसलो आहोत. एका वर्षी आम्ही त्यासाठी वही छापली होती, साठ वह्या वाटल्या. भरून आल्या चार. त्यातल्या दोन आईच्या अक्षरात.

आता पुस्तकं वाचायला नेण्याच्या आमच्या योजनेबद्दल. १ मे ते १० जून, अनामत २०० रुपये, वर्गणी १०० रुपये. एका वेळी दोन पुस्तकं, बदलायला कितीही वेळा या. अर्धवट वाचून परत आणलं तरी चालेल, कारण विचारणार नाही. नोंदवहीत आम्ही "अर्धवट" असा वेगळा रकानाच ठेवला आहे, त्यावरून पुढच्या वर्षी काय मागवायचं नाही ते कळतं. आंब्याच्या रसाच्या डागाला दंड नाही. पान फाटलं तर चिकटपट्टी आम्ही लावू. हरवलं तर अर्धी किंमत. मामाच्या गावाला जाणार असाल तर चार पुस्तकं एकदम न्या, फक्त नोंद करा.

ऊसतोडीहून परतलेल्या घरांसाठी अनामतही नाही आणि वर्गणीही नाही. बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, वडवणीकडची कितीतरी लेकरं दिवाळीच्या सुमारास आई-बापांसोबत कारखान्याच्या फडावर जातात आणि मार्च-एप्रिलनंतर गावी येतात. बाकीच्यांची सुट्टी ही त्यांच्यासाठी गावात, एका जागी राहण्याचे दिवस. शाळेचं ओळखपत्र किंवा गुरुजींची चिठ्ठी पुरे. तीही नसेल तर नाव सांगा. या मुलांना बोटांची परीक्षा लावू नका, आधी चित्रं बघू द्या.

विकत घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. "श्यामची आई"च्या वेगवेगळ्या आवृत्त्या वेगवेगळ्या किमतीला दिसतात. साने गुरुजी १९५० साली गेले, आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे २०११ पासून ते पुस्तक कोणालाही छापता येतं. तेव्हा किंमत बघण्याआधी टाइप आणि कागद बघा. काही स्वस्त आवृत्त्यांत अक्षर मुंगीएवढं आहे, लेकरू दुसऱ्या पानावर डोळे चोळतं. दुसरं म्हणजे नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला. चित्रं चांगली, किंमत कमी. आम्हाला त्यात फारसं सुटत नाही, तरी ठेवतो.

आणि एक पैसाही खर्च करायचा नसेल तर तीही सोय आहे. बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. आई-बाबांनी लहानपणी वाचलेला अंक पोराला दाखवून बघा, दोघंही अर्धा तास हलणार नाहीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या आहेत, अडखळत वाचणाऱ्याला पहिल्या पायरीपासून सुरू करता येतं. गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथं बालविभाग आहे का, ते विचारा. कपाटाला कुलूप असलं तर किल्ली मागा. अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी एका पासोडीवर, म्हणजे जाड पांघरुणावर, ग्रंथ लिहून काढला, तिथं लेकरांना कुलुपातली पुस्तकं बाहेरूनच बघायला लावणं बरं दिसत नाही.

दुकान सकाळी ८ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ९ उघडं असतं. दुपारी उन्हात लेकरांना पाठवू नका. पुस्तकं १० जूनपर्यंत जमा करा, त्यानंतर वह्या आणि दप्तरांची गर्दी सुरू होते. त्या आठवड्यात अनामत परत मागायला येणार असाल तर सुटे पैसे घेऊन या.